मिठागरावरची पाणपोई

वैशाखाचे ऊन खाडीवर चढण्याआधी दोन्ही रांजण गळ्यापर्यंत भरलेले असावेत, हा सोनूबाईचा नेम होता. मुलुंडच्या पूर्वेला महामार्ग ओलांडून खाडीकडे उतरणारी वाट जिथे संपते, तिथे गोड्या पाण्याची एक जुनी विहीर होती. विहिरीला लागून कौलांची बुटकी पडवी, पडवीत जमिनीत अर्धे पुरलेले दोन रांजण, आणि मागे सोनूबाईच्या कुटुंबाची खोली. तिचा मुलगा सम्यक कामावर जाण्याआधी दोर ओढून देई. त्याचे तळवे मऊ होते. घाटकोपरला कुरिअरच्या गोदामात तो दिवसभर पाकिटांवरचे पत्ते वाचत बसे, आणि सकाळी दोराने उमटलेली लाल रेघ संध्याकाळपर्यंत हातावर राही. ती रेघ त्याला मनातून आवडे. आपण दिवसभरात कोणाच्या तरी उपयोगी पडलो याची दुसरी खूण त्याच्यापाशी नव्हती.

"हळू रं, पोहरा कडंला आपटतोय," सोनूबाई म्हणाली. "म्हातारी झालीया ईर."

"विहीर नाही आई, कप्पी म्हातारी झालीये. तेल घाल म्हणून कधीचा सांगतोय."

"तेल घातलं की आवाज जाईल. आवाज गेला की आबाला कळायचं कसं, पानी भरतंय म्हनून?"

आबा, म्हणजे सोनूबाईचा नवरा धोंडिराम, खोलीच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता. उभी हयात खारट पाण्यात उभे राहून त्याच्या पायांचे कातडे लाकडासारखे झाले होते, आणि पांढऱ्या मिठावरून डोळ्यांत परतणाऱ्या उन्हाने नजर हळूहळू निकामी करून टाकली होती. आता तो ऐकून जगत असे. कप्पी करकरली की त्याची सकाळ होई.

पडवीच्या भिंतीत काळ्या दगडाची एक पाटी बसवलेली होती. वेलजीशेठ नावाच्या मिठागरमालकाने ही विहीर आणि भोवतीची जागा धर्मादाय करून दिली तेव्हा आपली अट त्याने दगडात कोरून घेतली होती: 'मिठागरात राबणाऱ्या सर्व मजुरांस, जातपात न पाहता, बारमाही गोडे पाणी द्यावे.' सोनूबाईला वाचता येत नव्हते. पण रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पाटी पुसायची, तेव्हा तिचे बोट अक्षरांच्या खाचांतून असे फिरे, जणू एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावरून फिरते आहे.

मिठागर मात्र उरले नव्हते. एकेक करून वाफे बुजले, बांध खचले, मुकादम गावी गेले. जिथे मिठाच्या राशी उन्हात लखलखायच्या तिथे आता तिवरे माजली होती, आणि त्यांच्या पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे वर चढत होते. शेवटचा मजूर निघून गेला त्या उन्हाळ्यात सोनूबाईपुढे प्रश्न उभा राहिला. पाणी आहे, तहानलेली माणसेही आहेत. पण दगडाने सांगितलेली माणसे नाहीत.

तिने आपल्या परीने तोड काढली. पडवीसमोर खाटेएवढा एक वाफा तिने राखला. भरतीचे पाणी चरातून आत घ्यायचे, उन्हात आटू द्यायचे, लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढत ओढत मीठ धरू द्यायचे. जो कोणी पाणी मागेल त्याने आधी ती फळी वाफ्यातून एकदा ओढायची. तेवढ्यापुरता तो मिठागरात राबणारा मजूर झाला. मग त्याला पाणी.

"काय गो वयनी, आज माका हजेरी लागात मां?" गुणाजी रिक्षा लावून आला. तो कणकवलीकडचा, कुर्ल्याला राहायचा आणि रोज या बाजूचे भाडे आले की वाकडी वाट करून इथे यायचा. त्याने खाकी बाह्या वर सारल्या आणि फळी हातात घेतली.

"सरळ वढ. काल वाफ्याला पार नांगरून ठिवलास."

"रिक्षावालो सरळ खंय जाता? माका वळणाची सवय." त्याने फळी ओढली, वाफ्याच्या टोकाला ठोकून झटकली, आणि दोन्ही तळवे पुढे केले. "झालंय मी मिठागरी. घाल आता पाणी."

सोनूबाईने लांब दांड्याचे ओगराळे रांजणात बुडवले आणि वरून धार धरली. गुणाजीच्या गळ्याची घाटी वरखाली होताना ती एकटक बघत राहिली. कुणाला पाणी पिताना बघणे, हेच तिचे सुख होते.

पण सगळेच गुणाजी नसत. थोड्या वेळाने समोरच्या इमारतीच्या कामावरच्या बाया आल्या. डोक्यावरच्या चुंबळी तशाच, पापण्यांवर सिमेंट. एकीने वाफ्याकडे, फळीकडे पाहिले.

"पानी प्यायला बी काम करायचं?"

"येकदाच वढायची, बाळा. तसं लिवलंया दगडावर."

"राहू दे मावशे. हाताला फोड हायेत," ती म्हणाली, आणि त्या महामार्गाच्या दिशेने निघून गेल्या.

सोनूबाई हातात ओगराळे धरून उभी राहिली. संध्याकाळी रांजण अर्ध्याहून अधिक भरलेले असत. उरलेले पाणी ती कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकी. मिठागर जिवंत असताना दुपारीच रांजण तळाला जाई, ओगराळे बुडाच्या खापरावर खर्रर्र करी, आणि तिचा सासरा सगळ्या खाजणात, खाडीकाठच्या त्या खाऱ्या दलदलीत, ऐकू जाईल अशी हाळी देई, "पानी वढाऽऽ!" तो आवाज धोंडिरामच्या कानांना कित्येक वर्षांत ऐकू आला नव्हता.

त्याच आठवड्यात पत्रे आले. निळ्या पत्र्याचे कुंपण विहिरीच्या तिन्ही बाजूंनी उभे राहिले. रस्त्याकडून एक माणूस आडवा होऊन आत येईल एवढीच फट उरली. वेलजीशेठच्या पणतवंडांचे म्हणणे असे की, मिठागर संपले तेव्हा धर्मादायही संपला. आता जागा मूळ घराण्याची.

कुंपणामागोमाग त्यांचा एक माणूस पाहणीला आला. बुटांसकट तो वाफ्यात उतरला आणि चिमूटभर मीठ जिभेला लावून थुंकला.

"हे काय आहे बाई?"

"मिठागर हाय."

"हे? याच्यावर माझी गाडीपण मावणार नाही." त्याने मोबाइल काढून फोटो घेतला. "आणि पाणी कोणाला देता?"

"जो फळी वढंल त्याला."

"म्हणजे न ओढणाऱ्याला नाही."

"न्हाई."

"झकास," तो म्हणाला. त्याच्या बुटांचे ठसे ओल्या मिठात खोल उमटले होते. तो गेल्यावर सोनूबाईने गुडघ्यांवर बसून हाताने ते ठसे पुसले, तरी ओल झिरपून ते पुन्हा पुन्हा वर येत राहिले. सम्यक बघत होता. त्या माणसाला दोन शब्द सुनवावेत असे त्याच्या ओठांपर्यंत आले होते. नेहमीप्रमाणे ते तिथेच विरले. त्याने मुकाट्याने फळी उचलली आणि आईच्या मागून वाफा सारखा केला.

रविवारी नंदकुमार आले. धर्मादायाच्या विश्वस्तांपैकी तेच एकटे आता मुंबईत होते. पोस्टातून निवृत्त झालेले, छत्री टेकत चालणारे. त्यांच्यासोबत एक तरुण वकील होती.

"जय भीम, मावशी. मी संघमित्रा. कुर्ल्याची."

"जय भीम, बाय. बस. आधी पानी घे." सोनूबाई थबकली. "पर त्या आधी..."

संघमित्रेने चपला काढल्या, पदर खोचला, आणि कोणी काही सांगण्याआधी फळी ओढून दाखवली. मग पाणी प्यायली. सोनूबाईच्या चेहऱ्यावरची शीर सैल झाली.

"मावशी, धर्मादाय आयुक्तांनी सांगितलंय की विश्वस्तांनी न्यायालयात अर्ज करावा," संघमित्रा म्हणाली. "कायद्यात याची सोय आहे. धर्मादायाचा हेतू पुरा करणं अशक्य झालं, तर न्यायालय त्या हेतूच्या जास्तीत जास्त जवळचा दुसरा हेतू ठरवून देतं. धर्मादाय मोडत नाही, पुढे चालतो. म्हणजे हे पाणी कोणालाही देता येईल. पण त्यासाठी एक गोष्ट आपणच पहिल्यांदा सांगायला हवी."

"काय?"

"की मिठागर संपलं."

सोनूबाईने ओगराळे रांजणावर ठेवले. "मंग हे काय हाय म्होरं?"

"सोनूबाई," नंदकुमार मऊपणे म्हणाले, "तो एक वाफा आहे."

"येक वाफा म्हंजी मिठागरच. जित्या मानसाचं येक बोट हाललं तरी त्याला तिरडीवर ठिवत न्हाईत सायेब."

"मावशी, तुम्ही कोर्टात म्हणालात की मिठागर चालू आहे, तर ते म्हणतील, ठीक, मग फक्त मिठागरी मजुरालाच पाणी द्या. रिक्षावाल्याला दिलंत तो विश्वासघात. आणि मिठागरी मजूर तर कोणीच नाही. दोन्हीकडून आपलीच वाट लागेल."

"आन् संपलं म्हनलं तर? त्यांचं बी तेच म्हननं हाय न्हवं, संपलं म्हनून? त्यांच्या तोंडचं मी कशापायी बोलू?"

संघमित्रेने तऱ्हेतऱ्हेने सांगून पाहिले. सोनूबाई ऐकत राहिली, मान हलवत राहिली, आणि शेवटी तिने नुसते एवढेच विचारले, "च्या टाकू का?"

त्या संध्याकाळी खाडीवरून येणारा वारा पत्र्यांना अडून तिथल्या तिथे तापत राहिला. सम्यक पडवीच्या कडेला बसला होता. कुंपणामुळे आता पाणी दिसत नव्हते. फक्त पत्र्यावर आपटणारा भरतीचा वास येत होता.

"आई, ती बरोबर सांगतेय ना," तो म्हणाला. "तू का अडून बसलीयेस?"

उत्तर उंबऱ्यावरून आले. "तिला इचारू नगंस. मला इचार," धोंडिराम म्हणाला. "माजा बा दुष्काळात मान तालुक्यातनं हितं आला. मुकादमानं त्याला ह्या रांजनावर बसिवलं. पयल्या दिशी मानसं आली, बाच्या हातातल्या ओगराळ्याकडं बघितलं, आन् वंजळ माघारी घेतली. तहानेनं व्हट फुटल्यालं, पर वंजळ माघारी. कोन म्हनला, ह्याच्या हातचं न्हाई प्यायचं. तवा मुकादमानं दगडाकडं बोट केलं. म्हनला, वाचा काय लिवलंय. जातपात न पाहता. हे शेठचं पानी हाय, शेठच्या अटीवर प्यायचं, न्हाईतर खाडीचं प्या."

"मग?"

"मंग काय. ऊनच आसं व्हतं. येकानं वंजळ म्होरं केली. मंग दुसऱ्यानं." धोंडिरामने पाटीच्या दिशेने मान वळवली. "बा मला म्हनायचा, धोंड्या, आपल्या बाजूनं कुनी मानूस न्हवतं रं. दगड व्हता."

सोनूबाई रांजणाला टेकून बसली होती. तिने सम्यककडे पाहिले नाही. "त्या दगडानं आपल्याला हितं बसिवलं," ती म्हणाली. "त्यातला येक शबूद मी मोडला, तर दुसरा कुनी 'जातपात न पाहता' मोडंल. मंग?"

 सम्यकला प्रथमच उमगले की, आई ज्याला चिकटून बसली होती तो हट्ट नव्हता. ती एका भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि सगळे तिला पुढे ये म्हणत होते. तो उठला, पाटीपाशी गेला आणि अंधारायच्या आत ती अक्षरे त्याने मोठ्याने वाचली. मग म्हणाला, "आई, तुझं बोट दे." सोनूबाईचे बोट धरून त्याने ते एकेका शब्दावरून फिरवले. 'राबणाऱ्या.' 'सर्व.' 'गोडे पाणी.' 'द्यावे.' "बघ, यात 'देऊ नये' असं कुठे आहे?"

 सोनूबाईने बोट लगेच मागे घेतले नाही.

तारखेच्या दिवशी ते मुलुंडहून गोरेगावच्या बसमध्ये बसले आणि दिंडोशीच्या न्यायालयात पोचले. धोंडिरामला घरी कोणापाशी ठेवणार, म्हणून गुणाजीने दिवसाचा धंदा सोडून पाणपोईवर बसायचे कबूल केले होते. दारावरच्या शिपायाने सोनूबाईची पिशवी उलटीपालटी केली. आत पाण्याची बाटली आणि मिठाची पुडी होती.

"हे काय? मीठ?"

"मीठ."

"कशाला?"

सोनूबाईला सांगता येईना. शिपाई हसला, शेजारच्याला पुडी दाखवली, तोही हसला. सम्यकचे कान तापले. "घरचं आहे," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "साक्षीला आलोय आम्ही. आत सोडा." शिपायाने पुडी परत केली.

साक्षीच्या पिंजऱ्यात सोनूबाई फारच लहान दिसत होती. न्यायाधीश एक प्रौढ बाई होत्या. चष्म्यावरून त्यांनी पाहिले आणि तिला खुर्ची द्यायला सांगितले. वारसांचे वकील उभे राहिले. त्यांनी पायरीपायरीने, जवळजवळ आदराने विचारायला सुरुवात केली.

"पाणी पिण्याआधी प्रत्येकाने फळी ओढायची, हा नियम तुम्ही केलात?"

"व्हय."

"का?"

"दगडावर तसं हाय. मिठागरात राबंल त्याला."

"म्हणजे, जो मिठागरात राबत नाही त्याचा या पाण्यावर हक्क नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

सोनूबाईने बाकावरच्या सम्यककडे पाहिले.

"माहीत होतं ना?"

"व्हतं."

वकिलांनी न्यायाधीशांकडे एक नजर टाकली. "दात्याचा हेतू फक्त मिठागरी मजुरांपुरता होता. ही बाई स्वतः तसंच समजत आली, तसंच वागत आली. आता मला एवढंच सांगा बाई, गुणाजी नावाचा रिक्षाचालक फळी ओढतो. तो मिठागराचा मजूर आहे?"

"फळी वढली की आसतो."

मागच्या बाकांवर कोणी तरी हसले.

"आणि फळी ठेवली की? बाई, तुम्ही शपथ घेतलीये. तो खरोखर मिठागराचा मजूर आहे का? तिथे खरोखर मिठागर आहे का?"

पंख्याचा आवाज येत होता. सम्यकने पाहिले, आईचा हात पिशवीत गेला होता आणि आत मिठाची पुडी घट्ट आवळली गेली होती. संघमित्रा खाली मान घालून बसली होती. तिने सांगायचे ते सांगून झाले होते.

"न्हाई," सोनूबाई म्हणाली.

"मोठ्याने सांगा."

"न्हाई, मिठागर न्हाई. वाफा म्हंजी निसतं सोंग हाय. मी दगडाला फसवत व्हते." तिचा आवाज फाटला, मग जुळला. "मिठागर मेलं, सायेब. माज्या डोळ्यांदेखत मेलं. पर लोकांची तहान न्हाई मेली. ती रोज येती. तिला मी काय सांगू? मुकादम न्हाई म्हनून माघारी जा?"

वकील काही विचारणार होते. न्यायाधीशांनी हात वर केला.

"बाई, मी एक विचारते. फळी न ओढता जे परत गेले, ते गेल्यावर तुम्हाला काय वाटायचं?"

सोनूबाईने पदराने तोंड पुसले. "रांजान भरल्याला ऱ्हायचा," ती म्हणाली. "रातच्याला त्यो झाडाला घालताना वाटायचं, शेठ बघत आसंल वरनं. म्हनत आसंल, ईर मी मिठासाटी खांदली व्हती का गं?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. एकदाच म्हणाली, "माज्या तोंडानं मी मिठागराला माती दिली रं." सम्यकने तिच्या हातातली पुडी काढून घेतली, मीठ घामाने ओले होऊन तिच्या बोटांच्या आकाराचे झाले होते.

पुढे पाऊस आला आणि वाफा वाहून गेला. निकाल राखून ठेवला होता. सोनूबाईने बांध पुन्हा घातला नाही. फळी भिंतीशी उभी करून ठेवली आणि तिच्या दांड्यावर दोडक्याचा वेल चढला. पावसात पाण्याला कोण येणार? ती रांजण मात्र भरत राहिली. कप्पी गंजून अधिकच करकरू लागली. पत्र्यांवर पावसाची धार इतक्या जोरात वाजे की धोंडिरामला दुसरे काहीच ऐकू येत नसे, आणि तो घाबऱ्या आवाजात विचारी, "हायेस न्हवं गं?"

आश्विनात आभाळ उघडले आणि ऊन एखाद्या तापल्या तव्यासारखे खाडीवर येऊन बसले. निकाल त्याच दिवसांत लागला. सम्यक एकटाच संघमित्रेबरोबर गेला होता. न्यायाधीशांनी वाचलेले सगळे त्याला कळले नाही. पण काही वाक्ये त्याच्या मनात अशी उतरली की पुढे ती पुसली जाणार नव्हती.

'मूळ हेतू आहे तसा पाळणे आता अशक्य आहे, हे साक्षीदाराने प्रामाणिकपणे कबूल केले आहे. मात्र दात्याची कळकळ मिठाविषयी नव्हती, उन्हात राबणाऱ्याच्या कोरड्या घशाविषयी होती. जातपात न पाहता, असे लिहिणाऱ्या माणसाला आपल्या पाण्याभोवती कुंपण नको होते. अशा धर्मादायाचा शेवट होत नाही. त्याला जवळची वाट दाखवावी लागते. तहानलेल्याला मजूर करून घेणाऱ्या या बाईने आपल्या परीने तीच वाट शोधली होती. ती मोकळी करून देणे एवढेच न्यायालयाचे काम उरते.' आणि मग तो आदेश: यापुढे हे पाणी 'मिठागरात राबणाऱ्या' ऐवजी 'उन्हातान्हात राबणाऱ्या कोणाही' माणसास, जातपात न पाहता, बारमाही दिले जाईल. जागा धर्मादायाचीच राहील. वारसांनी कुंपण काढावे.

संघमित्रेने दप्तराचे बंद बांधता बांधता डोळे पुसले आणि म्हणाली, "जा यार, पळ. आधी आईला सांग. मी नंदकुमारकाकांना फोन करते."

सम्यक घरी पोचला तेव्हा सोनूबाई पाटी पुसत होती. त्याने तिला शब्दन् शब्द सांगितला. तिने तो दोनदा सांगायला लावला. मग उंबऱ्यावरून धोंडिरामने विचारले, "आन् 'जातपात न पाहता'?"

"ते तसंच आहे, आबा. त्याला कोणी हातही लावला नाही."

धोंडिरामने मान डोलावली आणि बराच वेळ पुढ्यातल्या अंधाराकडे तोंड करून हसत राहिला.

काही दिवसांनी, ऐन दुपारी, पत्रे काढायला माणसे आली. ज्यांनी कुंपण घातले होते तेच मजूर. खांद्यावर पहारी, हातात लोखंडी पाने. खिळे उचकटताना पत्रे किंचाळत होते. पहिला पत्रा आडवा झाला आणि खाडीचा वारा एकदम आत शिरला. कडुलिंब सळसळला. मग दुसरा पडला, मग तिसरा. पांढरे आकाश, तिवरांची हिरवी रेघ, चिखलात उभे असलेले बगळे, हे सगळे पुन्हा जागच्या जागी येऊन उभे राहिले. सम्यकने त्या दिवशी रजा घेतली होती.

मजुरांपैकी एक घाम निथळत पडवीशी आला. त्याने इकडेतिकडे पाहिले. "मावशी, वो लकडी कहाँ है? खींचनी पडती है ना, पानी के लिए?"

"न्हाई," सोनूबाई म्हणाली. "कायबी वढायचं न्हाई. उन्हात राबतोस न्हवं? बास. वंजळ कर."

तो प्याला. मागोमाग सगळे आले. समोरच्या इमारतीवरच्या बायांनी वरून पाहिले आणि त्याही उतरल्या. हाताला फोड असलेली ती बाई सगळ्यांत पुढे होती. गुणाजी भाडे सोडून आला आणि सवयीने वाफा शोधू लागला.

"वयनी, फळी खंय गेली?"

"तिच्यावर दोडकी लागल्यात. जाताना दोन घिऊन जा."

"म्हणजे माझी नोकरी गेली?"

"गेली. आता फुकट पी."

माणसे हसली. सोनूबाईचा हात थांबत नव्हता. ओगराळे बुडत होते, धार लागत होती, ओंजळी भरत होत्या, हनुवट्यांवरून ओघळ गळ्यात जात होते. तिचा पदर भिजला होता, कपाळावरचे केस चिकटले होते, आणि सम्यकला वाटले, आईला इतकी उंच आपण कधी पाहिली नव्हती. पहिला रांजण संपला. ती दुसऱ्याकडे वळली. सूर्य अजून माथ्यावर होता.

आणि मग तो आवाज आला. ओगराळे रांजणाच्या तळाच्या खापरावर घासले. खर्रर्र.

उंबऱ्यावरच्या धोंडिरामने झटकन मान वळवली.

सोनूबाईने ओगराळे वर काढून रिकाम्या रांजणात वाकून पाहिले.  मग कमरेवर हात ठेवून, छाती भरून, सगळ्या खाजणाला ऐकू जाईल अशी तिने हाळी दिली, "सम्याऽऽ, पानी वढाऽऽ!"

कप्पी करकरू लागली.